टिपणं घेणारा हात

चौथ्या दिवशी मी शिकवणं थांबवलं आणि मुलांना एक छोटा प्रश्न लिहून दिला. शून्य ते एक यांच्या मधल्या सगळ्या परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या संख्या, घेतल्या, तर त्यांचं माप, म्हणजे त्यांनी रेषेवर व्यापलेली लांबी, किती? तीन दिवस मी तेच तर शिकवत होते. २२ जणांपैकी १७ जणांनी लिहिलं, 'एक'. चौघांनी कागद कोरा दिला. एकीनेच 'शून्य' लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे अगदी बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

वर्ग नॉम पेनमधला. कंबोडियातल्या एका विद्यापीठात मी तीन आठवडे मेझर थिअरी, म्हणजे मापाचा सिद्धांत, शिकवायला गेले होते. माझी ३१ वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कॉलेजांत खडू हातात धरून गेली. निवृत्तीनंतर एका जुन्या सहाध्यायाचा फोन आला. तिकडे एम.एस्सी.च्या वर्गाला विषय नेमलेत, पण शिकवायला माणूस नाही, तीन आठवडे काढशील का? तिकीट माझं मी काढलं, राहण्याजेवणाची सोय त्यांनी केली. पहिले तीन दिवस वर्ग इतका शांत होता की मी मनातून सुखावले होते. आपल्याकडे मागच्या बाकावर कुजबुज चालते, कुणाचा फोन वाजतो, कुणी खिडकीतून खाली मित्राला खुणा करतो. इथे टाचणी पडली तरी ऐकू यावी. बोर्डवरचं अक्षर न् अक्षर वह्यांत उतरत होतं. मी विचारायचे, समजलं ना? सगळ्या माना एकदम हलायच्या.

ते २२ कागद तपासले त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं शिकवूनही शांततेला समज समजण्याची चूक माझ्या हातून झाली होती, आणि तीन आठवड्यांतले तीन दिवस वाया जाणं म्हणजे थोडंथोडकं नुकसान नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका प्राध्यापकांनी चहा घेताना मला नीट सांगितलं. "ते तुम्हाला 'नाही समजलं' असं कधीच म्हणणार नाहीत. तसं म्हटलं तर तुमचं शिकवणं कमी पडलं असा अर्थ होतो. आणि तुम्ही तर इतक्या लांबून आलात." मुलं मला 'नेअक क्रू' म्हणायची. बाई शिक्षिकेसाठी तिथला हा आदराचा शब्द. क्रू म्हणजे गुरू. त्या एका शब्दात जेवढा मान होता, तेवढाच माझ्या कामातला अडसरही होता.

भाषेचं अवघड तर होतंच. मी मनात मराठीत विचार करणारी, ती मुलं ख्मेरमध्ये. मध्ये इंग्रजी उभी, आणि ती दोघांच्याही घरची नव्हे. शाळेत त्यांनी सगळं गणित ख्मेरमध्ये केलेलं, आणि एम.एस्सी.ला आल्यावर अचानक पाहुणे येतात: कुणी फ्रेंच वळणाची इंग्रजी बोलणारा, कुणी जपानी वळणाची, आणि आता मी, सातारी वळणाची.

पाहुण्यांनी असं जाऊन शिकवण्याची आता जगभर एक घडी बसली आहे. आंतरराष्ट्रीय गणित संघाची त्यासाठी स्वयंसेवी व्याख्यात्यांची योजनाच आहे. तीन-चार आठवड्यांचा सलग अभ्यासक्रम, पदवीच्या वरच्या वर्षांचा किंवा एम.एस्सी.चा. तो त्या विद्यापीठाच्या नेहमीच्या पदवीत धरला गेला पाहिजे, ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण नाहीतर पाहुणा येतो, आपल्या आवडीच्या विषयावर चार सुंदर भाषणं देतो, हार घालून घेतो आणि जातो. फ्रान्समधल्या नीस शहरातली 'सिंपा' ही संस्था १९७८पासून हेच काम वेगळ्या रीतीने करते, ठिकठिकाणी दोन-दोन आठवड्यांच्या शाळा भरवून. मी स्वतः यांपैकी कशातूनच गेले नव्हते, ओळखीतून गेले होते. पण नॉम पेनच्या रॉयल विद्यापीठात गणिताचा एम.एस्सी.चा वर्ग उभा राहिला तो अशाच येऊन-जाऊन असणाऱ्या शिक्षकांच्या आधारावर. देशातच शिकवणारे का नव्हते, हे त्या देशात कुणाला विचारावं लागत नाही.

१७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर नॉम पेनमध्ये शिरले आणि काही दिवसांत सगळं शहर रिकामं केलं. शाळा बंद, विद्यापीठं बंद, बाजार बंद, पैसासुद्धा बंद. जानेवारी १९७९मध्ये ती राजवट कोसळली तोवर १५ ते २० लाख माणसं गेली होती, उपासमारीने, रोगराईने, आणि मारली जाऊन. शिकलेला असणं हाच गुन्हा होता. शिक्षक तर वेचून संपवले गेले. शहरातली एक माध्यमिक शाळा, तुओल स्लेंग, त्यांनी तुरुंग केली. आता तिथे संग्रहालय आहे. मी पहिल्या रविवारी गेले आणि अर्ध्या तासात बाहेर आले. वर्गखोल्या वर्गखोल्यांसारख्याच आहेत. लांब व्हरांडा, रांगेने दारं, अंगणात झाडं. माझं सगळं आयुष्य अशाच इमारतींत गेलं आहे, म्हणून मला ते सोसलं नाही. त्या तुरुंगाचा प्रमुख दुच हा आधी गणिताचा शिक्षक होता. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती. पण त्या व्हरांड्यात उभं राहून ती आठवणं वेगळं. गणित माणसाला सरळ विचार करायला शिकवतं असं मी दर जूनमध्ये पहिल्या तासाला सांगत आले. ते वाक्य मी त्यानंतर पुन्हा उच्चारलेलं नाही.

तर त्या कोऱ्या कागदांनंतर मी काय केलं ते सांगते.

पाचव्या दिवशी बोर्डवर काहीच लिहिलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या गळ्यात क्रामा होता. हा तिथला चौकड्यांचा सुती पंचा. डोक्याला बांधायला, घाम पुसायला, बाळाला झोळी करायला, सगळ्याला तोच. मी तो मागून घेतला आणि म्हटलं, आपल्याजवळ एवढंच कापड आहे. परिमेय संख्या अनंत आहेत, पण त्यांना एकामागून एक रांगेत उभं करता येतं, पहिली, दुसरी, तिसरी. हे आपण पाहिलंय. आता या रांगेतल्या प्रत्येकीला अंग झाकायला कापड द्यायचं. क्रामा दुमडला, अर्धा पहिलीला. उरलेल्यातला अर्धा, म्हणजे पाव, दुसरीला. मग त्याच्या अर्धा तिसरीला. दर वेळी हातात थोडं उरतंच, म्हणून कुणीही उघडी राहत नाही. रांग संपत नाही आणि कापडही संपत नाही. सगळ्यांना मिळून लागलं किती? एकच क्रामा. बरं, क्रामा याहून लहान घेतला तर? वीतभर? बोटभर? तरी पुरतो. मग जी वस्तू कितीही लहान कापडात झाकली जाते, तिचं माप किती?

आणि मग मी एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. म्हटलं, आता हे एकमेकांना ख्मेरमध्ये सांगा, मी दहा मिनिटं बाहेर जाते.

व्हरांड्यात उभी राहिले. दोनेक मिनिटं आत काहीच नाही. मग एक आवाज, मग दुसरा, मग भांडण म्हणावं इतका गलका. परत आत आले तर ती शांत मुलं बाकांवरून उलटी वळून बसली होती आणि क्रामा तिसऱ्या रांगेत पोहोचला होता. ज्या मुलीने 'शून्य' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, ती उठून उभी राहिली. तीन आठवड्यांतला तो पहिला प्रश्न. "नेअक क्रू, परिमेय संख्या सगळीकडे आहेत. कुठल्याही दोन संख्यांच्या मध्ये एक आहेच. त्या प्रत्येकीभोवती आपण कापड गुंडाळलं. मग सगळंच झाकलं जायला हवं ना? उघडं राहतं ते कुठे?"

मला त्या मुलीला मिठी माराविशी वाटली. हाच तो प्रश्न. ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याला विषय कळलेलाच नसतो, मग तो सिद्धता घडाघडा म्हणून दाखवो. १७ जणांनी 'एक' लिहिलं होतं ते मूर्खपणाने नव्हे; संख्या सगळीकडे पसरल्या आहेत तर त्या सगळी जागा खातात असं डोळ्यांना दिसतं, आणि डोळे इथे खोटं बोलतात. पुढचा सगळा तास त्या एका प्रश्नावर गेला. नियोजनात त्या दिवशी दोन प्रमेयं होती. ती राहिली.

तास संपल्यावर तिची वही मी पाहायला मागितली. साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर माझा बोर्ड, जसाच्या तसा, इंग्रजीत. उजव्या पानावर तेच ख्मेरमध्ये, पण तेच नव्हे: मध्ये तिच्या स्वतःच्या ओळी होत्या, बाण होते, एके ठिकाणी माझी एक पायरी खोडून तिने दोन पायऱ्या केल्या होत्या. आणि काही ठिकाणी उजव्या ओळीत नुसती कोरी जागा. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "या शब्दाला आमच्याकडे शब्द सापडत नाही. सापडला की भरेन." ती सकाळी एका शाळेत शिकवायची, दुपारी वर्गाला यायची, आणि रात्री हे उजवं पान लिहायची.

ख्मेर लिपी मला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं तेव्हा मात्र मी थक्क झाले. तिच्या भाषेत गणिताला गणितविद्या म्हणतात. विद्यापीठाला सकलविद्यालय. समीकरणाला समीकार. प्रमेयाला त्यांचा शब्द लिहितात तो आपल्या अक्षरांत मांडला तर दृष्टीपद असा होतो. उच्चार इतके बदललेत की कानाला पत्ता लागत नाही, पण अक्षरं जुनी ओळख सांगतात. शून्याला ते लिहितात शून्यच, म्हणतात 'सोन' असं काहीसं. इंग्रजीच्या पुलावरून मी इतके दिवस धडपडत जात होते, आणि खालून पायवाट होती.

शून्याचं निघालं म्हणून सांगते. मेकाँगच्या काठी सांबोर इथे सापडलेला एक शिलालेख नॉम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ख्मेर भाषेतला, आणि त्यात साल दिलंय शके ६०५, वद्य पंचमी. म्हणजे इसवी सन ६८३. त्या ६०५मधलं शून्य एका ठिपक्याने लिहिलं आहे. तारखेसकट लिहिलेल्या जुन्यात जुन्या शून्यांत त्याची गणना होते. ग्वाल्हेरच्या मंदिरातलं आपलं प्रसिद्ध शून्य त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी येतं. दगडावर शके हा शब्द ओळखीचा निघाला तेव्हा आमच्या घरचं भिंतीवरचं पंचांग आठवलं. मी ज्यांना शून्य माप शिकवायला आले होते, त्यांच्याकडे शून्य तेराशे वर्षांहून जास्त काळ नांदत होतं.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वही. कारण अशी वही मी आधी पाहिली होती, आणि कुठे ते मला परतल्यावर आठवलं.

मी एम.एस्सी. करत होते तेव्हा विभागाच्या ग्रंथालयात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या व्याख्यानमालेची पातळ पुस्तकं होती, टंकलिखित पानांची. संस्था १९४५ची. तेव्हा देशात आधुनिक गणिताची बरीचशी दालनं बंदच होती. तिथले गणिती के. चंद्रशेखरन यांनी एक साधी युक्ती केली. जगातले मोठे गणिती मुंबईला बोलवायचे, त्यांनी महिना-दोन महिने शिकवायचं, आणि तरुण विद्यार्थ्यांनी ऐकून त्याची टिपणं तयार करायची, छापण्याजोगी. लोराँ श्वार्ट्झ आले, कार्ल लुडविग झीगल आले. श्वार्ट्झ यांच्या १९५५च्या व्याख्यानांच्या पुस्तकावर त्यांच्या नावाखाली छापलंय: टिपणं, एम. एस. नरसिंहन. झीगल यांच्या द्विघाती रूपांवरच्या व्याख्यानांवर: टिपणं, के. जी. रामनाथन. विद्यार्थी असताना मी ती खालची ओळ वाचतसुद्धा नव्हते. ती कुणा लेखनिकाची असावी असं वाटायचं.

आता वाटतं, सगळं त्या खालच्या ओळीत होतं. ऐकलेलं टिपणात आणायचं म्हणजे प्रत्येक पायरीवर थांबून विचारावं लागतं, हे का खरं? वक्ता जे हवेत सोडून गेला ते जमिनीवर उतरवावं लागतं. नरसिंहन तेव्हा तेविशीतले होते. पुढे ते आणि सी. एस. शेषाद्री यांनी मिळून १९६५मध्ये जे प्रमेय दिलं त्याला आज जगभर त्या दोघांच्या नावाने ओळखतात. दोघेही मद्रासच्या लॉयोला कॉलेजात फादर शार्ल रासीन यांचे विद्यार्थी. फ्रान्समधून आलेला हा जेसुइट धर्मगुरू मोठे फ्रेंच गणिती एली कार्तान यांच्या हाताखाली शिकलेला होता, आणि तो पाहुणा म्हणून आला नाही, राहिला. आपल्या नव्या गणिताच्या मुळाशी असे परके हात आहेत. ते आपण सहज विसरतो आणि मग दुसऱ्या देशांना मदत करायला निघालो की आपणच आधी शिकलो असं वाटू लागतं. नरसिंहन पुढे इटलीत त्रिएस्तेला गेले, पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४मध्ये विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी उभ्या केलेल्या केंद्रात, आणि तिथल्या गणित विभागाचे प्रमुख झाले. पाहुण्याची टिपणं घेणारा मुलगा अशा ठिकाणी पोहोचला, जिथे आफ्रिकेतून, आशियातून, लॅटिन अमेरिकेतून मुलं शिकायला येत.

शेजारच्या व्हिएतनामची गोष्ट तर मला त्याहून जवळची, कारण ती एका बाईची आहे.

नोव्हेंबर १९६७. अमेरिकेचे बॉम्ब हनोईवर पडत होते. अलेक्झांडर ग्रोथेंडीक, ज्यांना आदल्याच वर्षी फील्ड्स पदक हा गणितातला सर्वांत मानाचा सन्मान मिळाला होता, ते तिथे शिकवायला गेले. हनोईत शिकवणं धोक्याचं झालं म्हणून वर्ग जंगलात हलवले, जिथे विद्यापीठच स्थलांतरित झालं होतं. बांबूच्या, गवती छपरांच्या झोपड्या, आणि त्यांत कॅटेगरी थिअरी, होमोलॉजिकल अल्जिब्रा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. माणसं मरताहेत, तांदूळ नाही, आणि तुम्ही जगातलं सगळ्यात अमूर्त गणित घेऊन जाता? पण परतल्यावर ग्रोथेंडीकनी जो अहवाल लिहिला त्यात त्यांचा मुख्य मुद्दा एवढाच होता की उत्तर व्हिएतनाममध्ये नाव घेण्याजोगं गणिती जीवन अस्तित्वात आहे. त्याला ते अस्तित्वाचं प्रमेय म्हणाले. भुकेल्या देशाला फक्त पोटापुरतं गणित पुरे, असं तिथल्या माणसांनी मानलं नव्हतं, आणि त्यांच्या वतीने तसं मानायचा अधिकार मला कुणी दिला होता?

त्या वर्गात टिपणं घेणाऱ्या होत्या होआंग शुआन सिन्ह. फ्रान्समध्ये शिकून १९६०मध्ये मायदेशी परतलेल्या, या वर्गाच्या वेळी चौतिशीतल्या. ग्रोथेंडीक काही आठवड्यांनी गेले. मागे राहिली टिपणं आणि थोडी पत्रं. युद्ध चालूच होतं. दिवसा शिकवायचं, आणि रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी बसून त्यांनी आपला प्रबंध लिहिला. हाताने लिहिला. १९७५मध्ये पॅरिसला जाऊन त्याचा बचाव केला. ज्या गोष्टींचा त्यांनी त्यात अभ्यास केला त्यांना आज गणितात खूप मागणी आहे, आणि त्या हस्तलिखिताची पानं लोक आता संगणकावर उघडून वाचतात. १९८८मध्ये त्यांनी हनोईत थांग लाँग विद्यापीठ काढलं, व्हिएतनाममधलं पहिलं खासगी. ग्रोथेंडीक तिथे काही आठवडे होते. त्या तिथेच राहिल्या.

२०१०च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरली होती. कॉलेजातून रजा काढून मी गेले होते, पार मागच्या रांगेत होते. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते पदकं दिली गेली, आणि त्यांत एक नाव हनोईत जन्मलेल्या, हनोईतच शाळा शिकलेल्या न्गो बाओ चाऊ यांचं होतं. व्हिएतनामला मिळालेलं पहिलं फील्ड्स पदक. जंगलातल्या त्या वर्गापासून या व्यासपीठापर्यंत सरळ रेघ ओढणं बरोबर नाही, मध्ये असंख्य शिक्षक आहेत ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्यासाठीसुद्धा.

तीन आठवड्यांच्या कामाबद्दल माझी तक्रारही आहे, आणि ती मांडली नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील. पाहुणे एकमेकांना ओळखत नाहीत. माझ्या आधी येऊन गेलेल्यांनी काय शिकवलं, कुठे सोडलं, याची एकही नोंद माझ्या हाती आली नाही; मीही अधूनमधून मुलांना आधीच येत असलेलं सांगत बसले. पाहुणा आपल्या आवडीचं शिकवतो. आणि गेल्यावर शंका विचारायला कोणी नसतं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ म्युझनबर्गला भौतिकशास्त्रज्ञ नील टुरॉक यांनी २००३मध्ये सुरू केलेली एम्स (आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस) ही संस्था मला यात जास्त शहाणी वाटते. तिथेही तीन-तीन आठवड्यांनी बाहेरचे शिक्षक बदलतात, पण ट्यूटर कायम तिथेच असतात, मुलांच्याच इमारतीत राहतात, रात्री जेवणाच्या टेबलावरही गणित चालतं. पाहुण्याने टाकलेल्या बियाला कुणीतरी रोज पाणी घालावं लागतं. मी परत आल्यावर माझी सगळी टिपणं, मुलांच्या चुकांसकट, नीट लिहून पुढच्या शिक्षकासाठी पाठवली. माझ्या हातात तेवढंच होतं.

तिसरा आठवडा पळाला. प्चुम बेन तोंडावर आलं होतं. हा त्यांचा पितरांचा पंधरवडा, आणि महिना तोच, भाद्रपद, पक्ष तोच, वद्य. बेन म्हणजे पिंड. पहाटे अंधारात देवळाभोवती फिरत भाताचे गोळे टाकतात, भुकेल्या पितरांसाठी. मुलं आपापल्या गावी निघायच्या घाईत होती. वहीवाली मुलगी बट्टंबँगकडची. ती म्हणाली, तिच्या आईचे वडील शाळेत गणित शिकवायचे. १९७७मध्ये त्यांना घेऊन गेले. कुठे, केव्हा, कुणालाच माहीत नाही, म्हणून आजी पंधराही दिवस देवळात जाते. मी तिला सांगितलं, आमच्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी अमावास्या असते, सर्वपित्री. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि वहीच्या मागच्या पानावर ख्मेर अक्षरांत लिहून घेतला.

शेवटच्या दिवशी मी खडू तिच्या हातात दिला. ठरवून नव्हे. एक शब्द उरला होता, उजव्या पानावरची शेवटची कोरी जागा: ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर. आपण जवळजवळ सर्वत्र म्हणतो. शून्य मापाची जागा सोडली तर बाकी सगळीकडे. तिच्या मते एक शब्द बरा होता, मागच्या बाकावरच्या मुलाच्या मते तो चुकीचा, कारण त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा होतो आणि बहुतेक म्हणजे मोजून जास्त. वाद मिटेना, तेव्हा ती म्हणाली की मी सुरुवातीपासून सांगते, मग ठरवू.

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिने रांग मांडली, पहिली संख्या, दुसरी, तिसरी. एप्सिलॉन, म्हणजे ते कितीही लहान कापड, भागिले दोन, भागिले चार, भागिले आठ. हातवारे माझे नव्हते, तिचे होते. मला त्यातलं 'सोन' तेवढं ऐकू येत होतं, अधूनमधून. मध्येच दुसऱ्या बाकावरून एकाने काहीतरी विचारलं. लांबलचक प्रश्न होता. मला तो मुळीच कळला नाही. ती जरा थांबली, बोर्डकडे पाहिलं, तळहाताने खालच्या दोन ओळी पुसून टाकल्या आणि पुन्हा लिहायला लागली.